जाणाऱ्यांचा आणि येणाऱ्यांचा जिल्हा

जामखेड तालुक्यातल्या चौंडी गावच्या माणकोजी शिंदे यांची मुलगी मल्हारराव होळकरांची सून होऊन माळव्यात गेली. सासरी नवरा गेला, पुढे सासरा गेला, मुलगाही गेला. १७६७ पासून १७९५ पर्यंत तिनं होळकरांचं राज्य चालवलं, महेश्वरला राजधानी नेली आणि तिथे बाहेरगावचे विणकर आणून वसवले. माहेरी परतून नांदण्याचा प्रश्न कधी आलाच नाही. तिच्या जन्मानंतर तीनशे वर्षं होत आली असताना, २०२४ मध्ये, अहमदनगर जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. लग्न होऊन निघून गेलेल्या मुलीच्या नावानं अख्खं माहेर ओळखलं जाऊ लागलं.

आधीचं नावही मुळातल्या रहिवाशाचं नव्हतंच. पंधराव्या शतकाच्या शेवटी हे शहर वसवणाऱ्या मलिक अहमदचा बाप विजयनगरच्या मोहिमेत पकडून बिदरला आणलेला मुलगा होता, असं फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. हा फिरिश्ता स्वतः कास्पियन समुद्राकाठच्या अस्तराबादचा. लहानपणी बापाबरोबर अहमदनगरला आला आणि दरबारातली हवा बिघडल्यावर विजापूरला निघून गेला. अहमदनगरची निजामशाही शिया पंथाकडे वळली ती इराणातून आलेल्या शाह ताहिरमुळे. तिचा शेवटचा मोठा सांभाळणारा मलिक अंबर हा इथिओपियात जन्मलेला, बाजारोबाजारी विकला गेलेला आणि अहमदनगरच्या एका वजिरानं विकत घेतलेला गुलाम. 'आमच्या गावात बाहेरचे फार झाले' ही तक्रार नगरच्या किल्ल्यातही ऐकू येत असणार. दख्खनी आणि परदेशी सरदारांच्या भांडणांनी त्या काळाची पानंच्या पानं भरली आहेत.

स्थलांतर म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो रेल्वेच्या डब्यात कोंबलेला माणूस, नाहीतर विमानतळावर आईचा निरोप घेणारा इंजिनिअर. दोन्ही चित्रं खरी आहेत, पण अपुरी. एर्न्स्ट रावेनस्टाइन या भूगोलतज्ज्ञानं १८८५ मध्ये लंडनमध्ये स्थलांतराचे काही नियम मांडले. तो स्वतः जर्मनीत जन्मून इंग्लंडमध्ये स्थायिक झालेला. जनगणनेचे आकडे चाळून त्यानं काढलेले निष्कर्ष आजही पुष्कळसे टिकून आहेत: बहुतेक लोक फार लांब जात नाहीत, प्रत्येक ओघाला उलटा ओघ असतो आणि जवळच्या अंतरात बायका पुरुषांपेक्षा जास्त हलतात. २०११ च्या जनगणनेत भारतात ४५ कोटींहून अधिक लोक स्थलांतरित निघाले. त्यामागचं सर्वांत मोठं कारण ना नोकरी ना शिक्षण, तर लग्न. आपल्याकडे त्याला कुणी स्थलांतर म्हणत नाही, 'मुलगी दिली' म्हणतात. भाषा, शेत, पाणवठा, मैत्रिणी, सगळं एका दिवसात बदलणाऱ्या या कोट्यवधी बायका धोरणांच्या चर्चेत जवळजवळ नसतातच.

याच जनगणनेत एक भोकही आहे. तिचे प्रगणक दारोदार फिरतात ते फेब्रुवारीत. नेमका तेव्हा साखर कारखान्यांचा हंगाम भरात असतो आणि पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या वाड्यावस्त्यांवर, माणसं ऊसतोडीला गेलेली असल्यामुळे, दारांना कुलपं असतात. वर्षातले चार-पाच महिने दुसऱ्याच्या शिवारात राहणारा माणूस कागदावर मात्र आपल्या गावचा कायमचा रहिवासी असतो.

हा जिल्हा या विषयासाठी इतका सोयीचा का, ते नकाशा पाहिला की कळतं. सतरा हजार चौरस किलोमीटरहून मोठा, क्षेत्रफळानं महाराष्ट्रात पहिला. पश्चिमेला अकोल्यात घाटघर-रतनवाडीला पाऊस कोसळतो. तिथून पूर्वेला आणि दक्षिणेला जावं तसा तो आटत जातो, आणि पाथर्डी, कर्जत, जामखेडकडे वर्षाआड डोळे आभाळाकडे लागतात. पण सगळा दोष पावसावर टाकून भागणार नाही. राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर यांच्याही वाट्याला पाऊस बेताचाच. तिथे पाणी आलं ते माणसानं आणलं म्हणून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून गोदावरीचे कालवे कोपरगावकडे आले, आणि १९२६ मध्ये भंडारदऱ्याचं धरण पुरं होऊन प्रवरेचे कालवे वाहू लागले. जिल्ह्याची उत्तर-दक्षिण अशी फाळणी तेव्हापासूनची.

आणि पाणी आल्यावर पहिल्यांदा काय झालं? माणसं आली. कालव्याचं पाणी कसं वापरायचं हे जिरायत शेतकऱ्याला ठाऊक नव्हतं, पाणीपट्टी भरायची त्याची ऐपतही नव्हती. सासवडकडचे माळी बागायतीत मुरलेले. ते इकडे उतरले, खंडानं जमिनी घेतल्या, ऊस लावला, गूळ पाडला. मागोमाग भांडवल आलं. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना उभा राहिला, डहाणूकरांचं टिळकनगर वसलं, मूळ कच्छच्या सोमैया कुटुंबानं कोपरगाव तालुक्यात कारखाने काढले. तिथल्या वस्तीचं नावच साकरवाडी. दौंड-मनमाड लोहमार्गावरचं बेलापूर रोड हे स्टेशन फुगत फुगत श्रीरामपूर नावाचं शहर झालं. कारखान्यांना खंडानं दिलेल्या जमिनी पुढे कमाल जमीनधारणा कायद्याखाली शेती महामंडळाकडे गेल्या, आणि मूळ मालकांच्या पोरा-नातवंडांना 'खंडकरी शेतकरी' म्हणून त्या परत मिळवायला कित्येक दशकं भांडावं लागलं. बाहेरचा माणूस येतो तेव्हा हातांबरोबर तो कधी भांडवल आणतो, कधी कसब. स्थानिकांचं त्यात भलं होतं की त्यांची जमीन जाते, हे करार कुणी लिहिला यावर ठरतं.

१९५०-५१ च्या हंगामात लोणीजवळ प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटलांची जिद्द आणि धनंजयराव गाडगीळांचं अर्थशास्त्र. त्याचं कौतुक पुष्कळ झालं, आणि ते रास्तच आहे. शेतकरी कारखान्याचा मालक झाला. पण सहकाराच्या त्या घटनेत ऊस लावणारा सभासद होता, ऊस तोडणारा नव्हता. तो कुठून येणार, कुठे राहणार, त्याची पोरं कुठे शिकणार, हे सगळं मुकादमावर सोपवलं गेलं. आजही बरंचसं तसंच आहे.

मुकादम म्हणजे दलाल, एवढं म्हणून हा माणूस समजत नाही. तो बहुधा त्याच गावचा, त्याच भावकीतला असतो. आजारपणात तोच पैसे देतो, लग्नाला तोच उभा राहतो, आणि पैसे बुडवून कुणी पळालं तर दाराशी येऊन बसतो तोही तोच. पावसाळ्यात, पेरणीच्या वेळी किंवा घरात कार्य निघालं की माणूस त्याच्याकडे जातो आणि 'उचल' घेतो. उचल ठरते ती कोयत्यावर. कोयता म्हणजे हत्यार आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडीही. एकटा माणूस 'अर्धा कोयता'. माणसं मोजायचं हे माप फार काही सांगून जातं. बायकोशिवाय नवरा अर्धा, नवऱ्याशिवाय बायको अर्धी, आणि बरोबर आलेली पोरं हिशेबात शून्य.

दसरा झाला की निघायची घाई. सकाळी ट्रॅक्टर येऊन वस्तीवर थांबतो, मागे दोन ट्रॉल्या. आधी जातात जड वस्तू: बाजरीचं पोतं, पत्र्याची पेटी, पाण्याचं पिंप. मग कोपीसाठी, म्हणजे तात्पुरत्या झोपडीसाठी, बांबू आणि प्लॅस्टिकचा कागद, चुलीचं सामान, गोधड्या, टोपलीखाली कोंबड्या. शेळीला शेवटी उचलून चढवतात, ती वर ओरडतच राहते. बायका सामानावर बसतात. म्हातारी ओट्यावरून पाहत असते. तिच्याजवळ एखादं शाळेतलं नातवंड ठेवलेलं असतं, आणि कुलपाची एक किल्ली. दोन ट्रॉल्या भरून कुटुंबं निघतात तेव्हा गावात एकदम आवाज कमी होतो. नंतर ज्वारी काढायची वेळ येते तर माणूस मिळत नाही.

काही टोळ्या सांगली-कोल्हापूरला, काही कर्नाटकात जातात. पण काही जातात शंभरेक किलोमीटरवर, याच जिल्ह्याच्या उत्तर भागात. रावेनस्टाइनचा पहिला नियम पाथर्डी ते श्रीरामपूर या रस्त्यावर पडताळून पाहता येतो. जिल्हाधिकारी एकच, जिल्हा परिषद एकच. एका तालुक्यात ऊस उभा, दुसऱ्यातून त्याला तोडणारा येतो.

तिथे पोचल्यावर पहाटे तीन-चारलाच कोपीत चूल पेटते. भाकरी फडक्यात बांधून अंधारातच फड गाठायचा. नवरा ऊस तोडून साळतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपाशी आणते. ट्रक भरायचा असेल तर फळीवरून मोळी वर चढवायची. ओल्या फळीवर पाय घसरून पडण्याच्या घटना दर हंगामात कानावर येतात. टायर-गाडीवाल्याला पुढे कारखान्याच्या गाडीतळावर नंबर लावून रात्र काढावी लागते. उसाचे वाढे विकून रोजचा मीठ-मिरचीचा खर्च निघतो. उचलीच्या हिशेबाबाहेरचा, हातात पडणारा तेवढाच पैसा.

हिशेब एकदा मांडूनच पाहावा. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि टनाला २७३ रुपयांचे ३६६ रुपये झाले. जोडीनं मर मर करून दिवसाला दोन टन तोडले तर दोघांचे मिळून ७३२ रुपये. आता उचल लाख रुपये घेतली असेल तर ती फिटायला सुमारे २७३ टन ऊस तोडावा लागतो, म्हणजे एकही खाडा न करता १३७ दिवस. हंगाम शंभर-सव्वाशे दिवसांत आटोपला, पोरगं आजारी पडलं, अवकाळी पावसानं फडात गाडी शिरली नाही, तर बाकी अंगावर बसते आणि पुढच्या वर्षीच्या उचलीत मिळते. हा ढोबळ हिशेब आहे, अंतरानुसार आणि वाहतुकीच्या प्रकारानुसार दर बदलतात. तरी गाठ कुठे बसते ते यातून दिसतं.

म्हणूनच 'दुष्काळ पडला म्हणून लोक जातात' हे उत्तर अर्धवट आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर ऊसतोडीला जाणाऱ्यांची संख्या वाढली हे खरं. पण गेल्या काही वर्षांत पाऊस बरा झाला तरी टोळ्या निघतातच, कारण पाऊस कसा होणार हे कळायच्या आधीच उचल घेतलेली असते. पहिल्यांदा माणसाला ढकलतो तो दुष्काळ. नंतर दर वर्षी ओढून नेतं ते कर्ज. एव्हरेट ली यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या ढकल-ओढीच्या सिद्धान्तात ही दुसरी गाठ सहज सुटून जाते. तिथला माणूस दोन्हीकडचे फायदे-तोटे तोलून निघतो. उचल घेतलेल्याला तोलायची संधी जून महिन्यातच संपलेली असते.

या येण्याजाण्याचे समाजावर होणारे परिणाम लग्नपत्रिकेत दिसतात. कोयता जोडीचाच मोजला जात असल्यामुळे मुलाचं लग्न लवकर झालं की घराला एक पुरा कोयता मिळतो. वयात आलेली मुलगी म्हाताऱ्यांच्या भरवशावर मागे ठेवायची भीती आणि फडात न्यायचीही भीती, म्हणून तिचंही लवकर उरकतात. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. महाराष्ट्रभर गदारोळ झाला. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, फडात आडोसा नाही, दवाखाना लांब, अशा सगळ्या गोष्टींची बेरीज त्या आकड्यात होती. जिल्ह्याची हद्द ओलांडली की ही बेरीज बदलते असं मानायला काही आधार नाही.

राज्यानं काहीच केलं नाही असंही म्हणता येत नाही. शाळांत हंगामी वसतिगृहं आली. २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ८२ वसतिगृहांची योजना जाहीर झाली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं कल्याणकारी महामंडळ स्थापन झालं आणि त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घ्यायचं ठरलं. पाथर्डीच्या बबनराव ढाकणे यांच्यासारख्या नेत्यांचं राजकारण याच कामगारांच्या प्रश्नावर उभं राहिलं. संप झाले, लवाद बसले, दर वाढले. फक्त कामगाराचा मालक कोण, कारखाना, वाहतूकदार की मुकादम, या प्रश्नाला कागदावर उत्तर देणं सगळ्यांनीच सोयीस्करपणे टाळलं. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ते टाळणं किती महाग पडतं ते दिसलं. राज्यभर सुमारे १ लाख ३१ हजार तोडणी कामगार कारखान्यांच्या आवारात अडकले, आणि त्यांना गावी जाऊ द्यायचा आदेश निघायला १७ एप्रिल उजाडला.

सगळं स्थलांतर असं जखडलेलं नसतं. पारनेरच्या ढवळपुरी भागातले धनगर दिवाळीनंतर मेंढरांचे वाडे घेऊन निघतात, माळशेज उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर बांधलेली कोंबडी, कधी कुत्र्याची पिल्लं. शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतो, खत मिळतं म्हणून धान्य नाहीतर पैसे देतो. इथे जाणं हीच वहिवाट आहे. धनगराला एका जागी बसवलं तर त्याचा धंदा बुडतो. भटक्यांची पंढरी म्हणतात ती मढीही याच जिल्ह्यात, पाथर्डी तालुक्यात. होळीपासून पाडव्यापर्यंत कानिफनाथांच्या यात्रेला राज्यभरातल्या भटक्या जमाती तिथे जमत आल्या आहेत. एकाच तालुक्यात एक माणूस नाइलाजानं घर सोडतो आणि दुसरा फिरणं हाच धर्म मानतो. सरकारी फायलीत दोघांनाही एकच शब्द.

पारनेरचाच दुसरा ओघ मुंबईकडचा. गिरण्यांत, गोदीत, माथाडीत माणसं गेली, आणि गावाकडच्या यात्रेला मुंबईकरांची वर्गणी आल्याशिवाय पालखी हलेना. राळेगणसिद्धीचे अण्णा हजारेही लहानपणी मुंबईला गेलेले, दादरला फुलं विकलेले, मग लष्करात ट्रक चालवलेले. १९७५ मध्ये ते गावी परतले आणि पाणलोटाचं काम सुरू झालं. परतणारा माणूस पैशापेक्षा कधी कधी डोळे घेऊन येतो. अकोल्याचं दुखणं आणखी वेगळं. भंडारदऱ्याचं पाणी त्यांच्या उशाशी, पण धरणाच्या वरच्या अंगाचे ठाकर आणि महादेव कोळी रोजगारासाठी घाट ओलांडून नारायणगावच्या मजूर बाजारात पहाटे उभे राहतात, दुसऱ्यांचे टोमॅटो आणि द्राक्षं तोडायला. धरण ज्यांच्या डोंगरात, त्यांच्या वाट्याला कालवा नाही.

जायकवाडी धरणानं तर शेवगाव-नेवाशातली गावं पाण्याखाली घालून माणसं उठवली, आणि निळवंडे धरणाच्या कालव्यात पाणी यायला मंजुरीनंतर अर्धशतक लागलं. १९७० चा प्रकल्प, २०२३ चं पाणी. या दरम्यान कोरड्या शिवारातल्या दोन पिढ्या गाव सोडून गेल्या. आता पाणी आलं म्हणून त्या परत येतील हा हिशेब कुणीही मांडू नये. मुलं पुण्या-नाशिकच्या शाळांत मोठी झालेली असतात.

तरीही लोक परततात, याचा एक दाखला नगर शहरापासून जवळच आहे. हिवरे बाजार एके काळी इतकं बदनाम होतं की सरकारी कर्मचाऱ्याला तिथली बदली शिक्षा वाटे. गावातली पुष्कळ घरं मुंबई-पुण्याला गेलेली. १९९० मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. चराई बंदी, कुऱ्हाड बंदी, श्रमदान, समतल चर हे सगळं झालंच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ग्रामसभेत पाण्याचा जमाखर्च मांडला जाऊ लागला. पाऊस किती, पिण्याला किती, मग उरलेल्यात कोणतं पीक. शेतीसाठी कूपनलिका नाही, ऊस नाही, केळी नाही, बाहेरच्याला जमीन विकायची नाही. गेलेली कुटुंबं परत येऊन दूधधंद्यात आणि कांद्यात रमली. या गावाचं कौतुक करायला मंत्री येतात आणि भाषण उरकून ज्या तालुक्यांत परततात, तिथे उसाचं क्षेत्र वाढवणं हीच निवडणुकीतली मोठी घोषणा असते. स्थलांतर थांबवलेल्या गावानं बंदी घातली ती नेमकी त्याच पिकावर, ज्याच्या तोडणीसाठी जिल्हा दर दसऱ्याला रिकामा होतो. ही विसंगती जिल्ह्यात फारशी कुणी बोलून दाखवत नाही.

आता फडात यंत्रं येऊ लागली आहेत. ऊसतोडणी यंत्राला किमतीच्या ४० टक्के, कमाल ३५ लाख रुपये अनुदान २०२३ मध्ये जाहीर झालं. लहान तुकड्यांच्या शेतात ते वळत नाही, ओल्या रानात रुततं, त्यामुळे कोयता एवढ्यात संपणार नाही. पण काही टोळ्यांना कारखान्याकडून आताच पहिल्यापेक्षा उशिरा निरोप येतो. मुकादमांपैकी ज्यांच्याकडे पैसा आहे ते यंत्र घ्यायच्या विचारात आहेत.

पाडव्याच्या आसपास कारखान्याचा पट्टा पडतो, हंगाम संपतो. कोपीचे बांबू आणि कागद गुंडाळून ट्रॉल्या परत निघतात, शेळीला बहुधा पिल्लू झालेलं असतं. वस्तीवर कुलूप निघतं, आतल्या धुळीवर पाणी मारलं जातं, म्हातारी चार महिन्यांच्या मयतीच्या बातम्या सांगते. दोन-अडीच महिन्यांनी मृग निघतो. बियाण्याला पैसे हवे असतात, आणि मुकादमाची वही उघडलेलीच असते.